पाळीच्या आधीचा आठवडा

मराठीत पाळीसाठी शब्दांची कमतरता नाही. कावळा शिवला, अडचण आली, बाहेरची झाली... पण पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांसाठी? खूप आठवून पाहिलं, एकही शब्द सापडला नाही.

गंमत म्हणजे आमच्या वाशीमकडे तारखांचा हिशोब अगदी चोख असायचा. भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या, तर घरातल्या कोणत्या बाईची तारीख कधी येते हे आजीला पाठ. पापड-लोणच्यांचे दिवससुद्धा त्याच हिशोबानं ठरत. हिशोब होता, पण तो विटाळाचा. बाईला काय होतंय याचा नव्हे.

आमची एक काकू दर महिन्याला काही दिवस वेगळीच व्हायची. एवढ्या-तेवढ्यावरून डोळे भरायचे, भांडी आदळायची, डोकं धरून बसायची. आई सांगायची, "आज काकूच्या नादी लागू नको व." मग काकू बाहेर बसायची आणि चौथ्या दिवशी न्हाऊन आली की पुन्हा हसरी! पण घरानं ठरवून टाकलं, हिचा स्वभावच तिरसट. तो शिक्का शेवटपर्यंत पुसला गेला नाही.

या त्रासाकडे वैद्यकानं नीट पाहिलं तेही तसं उशिराच. १९३१ साली न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी पाळीपूर्व ताणाबद्दल लिहिलं आणि त्याचा संबंध हार्मोन्सशी जोडला. पुढे लंडनच्या डॉ. कॅथरिना डाल्टन यांना स्वतःचाच अनुभव उपयोगी पडला. पाळीआधी होणारी त्यांची अर्धशिशी गरोदरपणात चक्क थांबली. १९५३ मध्ये त्यांनी आणि रेमंड ग्रीन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला आणि 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' हे नाव रूढ झालं. (डाल्टनबाईंचा प्रोजेस्टेरॉनवर फार भर होता. नंतरच्या चाचण्यांत त्याचा ठोस फायदा काही दिसला नाही.)

आणि मराठीत? र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते, अश्लीलतेचे खटले अंगावर घेऊन वाचकांच्या शरीराबद्दलच्या शंकांना उत्तरं देत होते. ते वारले १९५३ मध्येच आणि मासिकही थांबलं. तिकडे त्रासाला नाव मिळालं त्याच वर्षी इकडे असं काही उघड बोलणारं मासिक बंद पडलं.

पण नाव मिळालं तरी ओळखायचं कसं? चिडचिड, रडू येणं, झोप बिघडणं, छाती दुखणं, पोट फुगणं, डोकेदुखी, सारखं खावंसं वाटणं. यातलं प्रत्येक लक्षण इतर कारणांनीही होऊ शकतं. खूण आहे ती वेळेची. त्रास पाळीआधीच्या एक-दोन आठवड्यांत सुरू होतो, पाळी आली की थोड्या दिवसांत ओसरतो आणि मधले दिवस बरे जातात. निदान दोन महिने रोजच्या रोज लिहून ठेवल्याशिवाय हे कळत नाही. महिनाभर मन उदासच राहत असेल तर कारण दुसरं असू शकतं, आणि तेही डॉक्टरांना दाखवायलाच हवं. त्रास फारच तीव्र असेल तर त्याला पीएमडीडी म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तो १९८७ साली वेगळ्या नावानं परिशिष्टात आला आणि स्वतंत्र आजार म्हणून २०१३ मध्ये. त्यावर उपचार आहेत.

याला आजार म्हणायला काही स्त्रीवाद्यांनी विरोधही केला. बाईच्या प्रत्येक रास्त रागावर 'तुझी तारीख जवळ आली वाटतं' म्हणायची सोय होईल, ही त्यांची भीती. ती खोटी नाही, घरोघरी तेच ऐकू येतं. पण म्हणूनच वही हवी. कोणता राग तारखेचा आणि कोणता अन्यायाचा, हे दुसऱ्यानं ठरवण्याऐवजी बाईला स्वतःला पाहता येतं.

१९७३ पासून आपल्या भिंतींवर कालनिर्णय आहे. त्यावर दुधाचे खाडे लिहितो, गॅस कधी लावला ते लिहितो. त्याच चौकोनात एखादीनं 'आज रडू आलं', 'आज झोप नाही' एवढं लिहिलं तरी पुरे. आणि घरातल्या इतरांनी ते वाचून तिची चेष्टा करू नये, म्हणजे झालं.