ओढा मागं होता, आम्ही जर्नल उतरवत होतो

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना शंभर वेळा आलेलं ‘म्हणजे बघा’ थोडं कमी केलंय. बाकी सगळं तसंच आहे.

आज सुरुवात एका कबुलीनं करतो. मी बारावीत असतानाची गोष्ट. ‘पर्यावरण शिक्षण’ नावाचा एक विषय आम्हाला सक्तीचा होता. आम्ही सगळे त्याला ईव्हीएस म्हणायचो, आणि हा विषय म्हणजे शेवटच्या आठवड्यात उरकायची गोष्ट, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. प्रकल्प होता ‘आपल्या परिसरातील जलप्रदूषण’. मी आदल्या वर्षीच्या एका मुलाचं जर्नल आणलं. त्यानं ते आणखी कुणाचं तरी आणलं होतं. त्यात एका नदीची पाहणी होती, आणि गंमत म्हणजे ती नदी आमच्या तालुक्यात नव्हतीच! पन्नास घरांना भेटी दिल्या असं त्यात लिहिलं होतं. मग मीही दिल्या. एका रात्रीत, अंथरुणावर बसून.

आजी शेजारी गहू निवडत होती. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “अरं, ओढा तर हितं घरामागं हाय. तू कशातनं बघून लिवतोयस?”

मी हसलो. जर्नल दिलं, श्रेणी चांगली मिळाली, विषय संपला. आजीचा प्रश्न मात्र संपला नाही. बरीच वर्षं डोक्यात राहिला. शेवटी मी शोधायला लागलो, की हा विषय आमच्या शाळा-कॉलेजात आणला कुणी, आणि त्याच्याआधी काय होतं? आजचा भाग त्याचाच.

तर हा विषय आला थेट सुप्रीम कोर्टातून.

एम. सी. मेहता हे नाव लक्षात ठेवा. दिल्लीचे वकील. गंगेचं प्रदूषण, ताजमहालाभोवतीचे कारखाने, दिल्लीतला गॅस गळतीचा खटला, अशा कितीतरी प्रकरणांमागे हाच माणूस. त्यांनी एक वेगळीच याचिका केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. कायदे कितीही करा, लोकांना पर्यावरण म्हणजे काय हेच माहीत नसेल तर ते पाळणार कोण? १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं निसर्गाचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं होतं. पण ते कर्तव्य शिकवायचं कुणी?

२२ नोव्हेंबर १९९१ ला निकाल आला. सरन्यायाधीश होते रंगनाथ मिश्रा, आणि दोनच दिवसांनी ते निवृत्त होणार होते. कोर्टानं सांगितलं, की प्रत्येक सिनेमागृहात, प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या निदान दोन स्लाइड फुकट दाखवायच्या. आकाशवाणी आणि दूरदर्शननं त्यासाठी वेळ द्यायचा. आणि शाळा-कॉलेजांत हा विषय सक्तीचा करायचा. आज आपण सिनेमाआधी तंबाखूविरोधी जाहिरात बघतो ना, तसंच काहीसं त्यांच्या डोळ्यासमोर असावं.

पुढं काय झालं असेल, तुम्हीच ओळखा. बरीच वर्षं फारसं काही झालं नाही. मेहता पुन्हा कोर्टात गेले. डिसेंबर २००३ मध्ये कोर्टानं एनसीईआरटीला पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम करायला सांगितलं, आणि जुलै २००४ मध्ये तो मान्य केला. राज्यांनी तो लागू करायचा होता. त्याच काळात पदवीच्या मुलांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. इराच भरुचांनी. पेशानं सर्जन, आणि मन सगळं जंगलात.

आता इथं जरा थांबू. त्या पदवीच्या अभ्यासक्रमात शेवटचं प्रकरण काय होतं माहितीये? क्षेत्रभेट. जवळची नदी, टेकडी किंवा गवताळ माळ बघून नोंदी करा. जवळची एखादी प्रदूषित जागा बघा. साधी झाडं, किडे, पक्षी ओळखा. म्हणजे कागदावर आजीचंच म्हणणं होतं! ज्यांनी अभ्यासक्रम लिहिला त्यांनी ‘ओढ्यावर जा’ असंच सांगितलं होतं. पण वर्गात पोचेपर्यंत त्याचं जर्नल झालं, जर्नलची श्रेणी झाली, आणि श्रेणीसाठी उतरवणं आलं.

मास्तरांना दोष देणं सोपं आहे. पण एका तुकडीत साठ-सत्तर मुलं, तासाला पाऊण तास, वर बोर्डाचं टेन्शन. त्यात पोरांना ओढ्यावर नेलं आणि एखादा घसरला तर? मी त्यांच्या जागी असतो तर मीही म्हणालो असतो, बाबांनो, जर्नल आणा.

म्हणून मी आणखी मागं गेलो. आणि मला कळलं, की आपल्याच महाराष्ट्रात हे ‘पर्यावरण शिक्षण’ नाव नसताना होऊन गेलंय.

साल १९३७, ऑक्टोबर महिना, गाव वर्धा. गांधीजींनी शिक्षणावर एक परिषद बोलावली. तिथून ‘नई तालीम’ निघाली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं तिचा आराखडा केला. आपल्याला शाळेत एवढंच सांगतात, की मुलांना सूत कातायला लावलं. पण त्यातली मूळ कल्पना ऐका. शिक्षणाचे आधार तीन : हातातलं काम, भोवतालचा निसर्ग आणि भोवतालचा समाज. गणित, भाषा, विज्ञान हे या तिघांतूनच यायचं. कापूस पिकवायचा तर माती बघावी लागते, पाऊस मोजावा लागतो, भाव काढावा लागतो. परिसर हा वेगळा तास नव्हता. सगळे तास परिसरातूनच निघायचे.

ते देशभर टिकलं नाही. त्याची कारणं बरीच, पण एक आपण प्रामाणिकपणे मान्य करू. गरीब आईबापाला वाटायचं, शहरातली पोरं इंग्रजी शिकून साहेब होणार आणि आमच्या पोरानं टकलीच फिरवायची का? हा प्रश्न चुकीचा नव्हता. आजही कुणी ‘खेड्यातल्या मुलांना निसर्गाचं शिक्षण द्या’ म्हणालं, की मला हाच प्रश्न आठवतो. निसर्ग एकट्या गरिबाच्या पोरानं का शिकायचा?

या प्रश्नाला सगळ्यात सुंदर उत्तर मला सापडलं ते पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर.

ताराबाई मोडक. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि खेड्यातल्या लहान मुलांसाठी केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ. पुढं हे काम कोसबाडला गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध.

आणि तिथं पहिली अडचण आली. मुलंच येईनात! का? कारण ती रिकामी नव्हती. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाकडं गुरं. मूल शाळेत गेलं तर गुरं कोण बघणार?

आता सरकारी पद्धत असती तर रजिस्टरमध्ये ‘गैरहजर’ लिहून मोकळे झाले असते. या दोघींनी काय केलं? पोरं गुरं घेऊन कुरणात जातात ना, मग शाळाच कुरणात न्यायची. तिचं नावच ‘कुरणशाळा’. गुरं चरतायत, आणि तिथंच झाडाखाली शाळा भरतेय. लहानग्यांसाठी पाड्यातल्या अंगणात वर्ग, म्हणून ती ‘अंगणवाडी’. हो, तीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला.

मॉन्टेसरी पद्धतीची साधनं महाग. मग शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं यांतूनच मोजणं आणि रंग, आकार ओळखणं सुरू झालं. इथं एक बारीक गोष्ट आहे, ती सोडू नका. त्या वारली मुलाला जंगल ‘शिकवायची’ गरज नव्हती. कुठली बी कुठल्या झाडाची, हे त्याला कळत होतं. कदाचित बाईंपेक्षा जास्त. शाळेनं एवढंच केलं, की तुला जे येतं ते ज्ञान आहे असं मानलं, आणि तिथून पुढं अक्षराकडं नेलं. साहेब व्हायचं की शेतकरी, ते नंतर बघू. पण सुरुवात तुझ्या अंगणातून. ‘आमच्या पोरानं टकलीच फिरवायची का’ या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं.

आता शाळा सोडू आणि मोठ्या माणसांकडं जाऊ. कारण शिकायचं फक्त पोरांनीच असं कुणी सांगितलं?

गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुका, मेंढा गाव. लेखा-मेंढा म्हणूनही ओळखतात. गोंड लोकांचं छोटंसं गाव, भोवती जंगल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तुम्ही ऐकली असेल, ती याच गावाची. पण घोषणेपेक्षा मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त आवडते. ती म्हणजे अभ्यासगट.

देवाजी तोफा हे गावातले, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांच्याबरोबर काम करणारे. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी एक रीत पाडली. एखादा विषय आला, की ज्यांना त्यात रस आहे त्यांनी बसायचं, माहिती काढायची, बाहेरचा जाणकार लागला तर बोलवायचा, चर्चा करायची. अभ्यासगटानं निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीनं, बायकांसकट सगळ्यांच्या.

उदाहरण सांगतो. मध काढायचा तर पोळ्यातल्या माश्या मरायच्या. अभ्यास झाला, आणि माश्या न मारता मध काढायची पद्धत गावानं उचलली. असाच अभ्यास जंगलाचा, असाच कायद्याचा. म्हणून वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. त्यासाठीही गाव अडून बसलं, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडं आलं.

कुठलं जर्नल नाही, कुठली श्रेणी नाही. पण चूक झाली तर जंगल जाणार, आणि बरोबर आलं तर जंगल राहणार. एवढी मोठी परीक्षा आमच्या ईव्हीएसला कधी नव्हती.

शेवटची एक गोष्ट, आणि ही वाचून मला जरा वाईट वाटलं. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा होत होता, तेव्हा परिसर आणि शिक्षण या विषयावर एक गट नेमला होता. त्याचे अध्यक्ष होते आपले पुण्याचे माधव गाडगीळ. त्या गटानं काय सुचवलं? मुलांनी आपापल्या भागातलं पाणी, झाडं, शेती, कचरा यांच्या खऱ्या नोंदी करायच्या, आणि त्या सगळ्यांना बघता येतील अशा एका जागी जमा करायच्या. विचार करा. माझ्या बॅचच्या प्रत्येकानं आपल्या घरामागच्या पाण्याची खरी नोंद केली असती, तर आज या राज्यातल्या ओढ्यांची केवढी मोठी वही आपल्याकडं असती! त्याऐवजी आमच्याकडं एकाच नदीच्या शेकडो नकला आहेत.

आता माझ्या ओढ्याचं सांगून थांबतो.

मी बाहेरगावी शिकायला गेलो त्या काळात ओढ्यावर स्लॅब पडला. वर पार्किंग झालं. मग एका सप्टेंबरात रात्रभर पाऊस झाला आणि गल्लीत गुडघाभर पाणी आलं. आमच्या स्वयंपाकघरात पिठाचा डबा तरंगत होता. लोक म्हणाले, असं कधी झालं नव्हतं. आजी म्हणाली, “पाण्याला वाट ठेवली न्हाई, मग ते कुठनं जाईल?”

या भागाची तयारी करताना मी वही घेऊन तिच्यासमोर बसलो. बारावीचा प्रकल्प, पंधरा वर्षं उशिरा. तिनं सांगितलं, गोधड्या कुठल्या धोंड्यावर धुवायच्या, खेकडे कुठल्या कपारीत सापडायचे, पहिल्या पावसानंतर काठावर टाकळा आणि कुर्डूची भाजी कुठं मिळायची. मग मी विचारलं, ओढ्याला पाणी किती दिवस असायचं? तिनं जरा आठवलं. म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा अक्षयतृतीयेपर्यंत वाहायचा. तुझा बाप शाळेत होता तेव्हा होळीपर्यंत. तू जन्मलास, तोवर सगळीकडं बोअर झाल्या होत्या, मग संक्रांतीलाच आटायचा.

मंडळी, साठ वर्षांची भूजलाची नोंद आमच्या घरात गहू निवडत बसली होती. मी मात्र दुसऱ्या तालुक्यातली नदी उतरवत होतो.

तुम्ही या आठवड्यात एक करा. घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा : जवळचा ओढा, तळं, विहीर, जे काही असेल, त्याला तुमच्या लहानपणी कुठल्या सणापर्यंत पाणी असायचं? गावाचं नाव आणि उत्तर मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. माझ्या वहीतलं पहिलं पान भरलंय. बाकीची कोरी आहेत.

भेटू पुढच्या भागात.