अलार्म १२०२ : चंद्रावर उतरताना कुठलं काम सोडायचं?

गोष्ट सुरू करण्याआधी एक करा. फोनमधली आजच्या कामांची यादी उघडा. किती कामं आहेत? दहा? पंधरा? आता सांगा, वेळ कमी पडला तर त्यातलं कुठलं काम सोडायचं, हे ठरलंय का?

ठरलं नसेल, तर चला १९६९ सालात.

तारीख २० जुलै. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून २१ तारीख लागली होती. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन 'ईगल' यानातून चंद्रावर उतरतायत. जमीन अजून साधारण दहा किलोमीटर खाली. आणि कॉम्प्युटर अलार्म देतो : १२०२. हे काय आहे, ते ह्यूस्टनला विचारतात.

अर्थ साधा होता : कामं फार झालीत, नवीन काम घ्यायला जागा नाही.

या कॉम्प्युटरची तात्पुरती मेमरी होती जेमतेम ४ केबी. तुम्हाला रोज येणारा 'गुड मॉर्निंग'चा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही! त्यात एका रडारकडून फालतू सिग्नल येत होते. त्या क्षणी त्या रडारची गरजही नव्हती, पण ते सिग्नल मोजण्यात कॉम्प्युटरचा साधारण १३ ते १५ टक्के वेळ जात होता.

मग यान कोसळलं का नाही? कारण एमआयटीमध्ये हॅल लेनिंग यांनी ही वेळ येण्याच्या कितीतरी आधी एक व्यवस्था बनवून ठेवली होती. प्रत्येक कामाला प्राधान्याचा आकडा. मोठा आकडा असेल ते काम आधी, बाकीची रांगेत. मार्गारेट हॅमिल्टन यांच्या टीमच्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक सोय होती. गर्दी हाताबाहेर गेली की कॉम्प्युटर क्षणात स्वतःला रीस्टार्ट करायचा, रांग पुसून टाकायचा आणि फक्त गरजेची कामं जिथे थांबली होती तिथून उचलायचा. इंजिन आणि दिशा सांभाळणं चालू राहिलं. स्क्रीनवर आकडे दाखवण्यासारखी कामं मागे पडली.

इकडे ह्यूस्टनमध्ये दुसरी एक यादी कामी आली. काहीच दिवसांपूर्वी सरावात असाच अलार्म आला होता आणि स्टीव्ह बेल्स यांनी गरज नसताना लँडिंग रद्द केलं होतं. फ्लाइट डायरेक्टर जीन क्रांझ यांनी सांगितलं : प्रत्येक अलार्मचं काय करायचं, ते लिहून काढा. २४ वर्षांच्या जॅक गार्मन यांनी ती यादी हाताने लिहिली आणि आपल्या टेबलावरच्या काचेखाली ठेवली. त्या दिवशी त्यांनी यादी बघितली, बेल्सना सांगितलं : सारखा येत नसेल तर चालेल. बेल्स म्हणाले, 'गो'.

ऑल्ड्रिन यांच्या लक्षात आलं, की ठरावीक आकडे स्क्रीनवर मागितले की अलार्म येतो. ह्यूस्टन म्हणालं, ते आकडे आम्ही बघतो. म्हणजे एक काम चक्क दुसऱ्याकडे सोपवलं.

उतरेपर्यंत पाच अलार्म आले : चार वेळा १२०२, एकदा १२०१. आपल्या घड्याळात रात्रीचे १ वाजून ४७ मिनिटं झाली होती, तेव्हा 'ईगल' चंद्रावर टेकलं.

आता गंमत बघा. त्या काही मिनिटांत कॉम्प्युटरचा वेग जराही वाढला नव्हता. फक्त त्याने काय सोडायचं, हे आधीच ठरलेलं होतं. आपण उलटं करतो. यादी लांबवतो, सगळ्यापुढे 'अर्जंट' लिहितो, आणि संध्याकाळी नेमकं महत्त्वाचं काम राहून जातं.

म्हणून आज झोपण्यापूर्वी उद्याच्या कामांना आकडे द्या. कुठली कामं कुणावर सोपवता येतील, तेही बघा. आणि यादीच्या तळाशी एक रेघ मारा : गडबड झाली तर या रेघेखालचं उद्या नाही केलं तरी चालेल. हे शांत डोक्याने ठरवायचं, अलार्म वाजायच्या आधी.

तुमच्या रेघेखाली काय गेलं, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!