क्लीनर ते चालक : महाराष्ट्रातील मालमोटार व्यवसायातील प्रवेशाचा इतिहास

प्रस्तावना

भारताच्या आर्थिक इतिहासलेखनात रेल्वेला जे स्थान मिळाले, ते रस्त्यावरील मालवाहतुकीला मिळालेले नाही. रेल्वेच्या अभ्यासकाला खात्याचे अहवाल, नोकरवर्गाच्या नोंदी, संपांचे दफ्तर अशी विपुल साधने उपलब्ध असतात. मालमोटारीच्या चालकाने मागे ठेवलेले साधन म्हणजे परवान्याचे पुस्तक, बिल्टीच्या जीर्ण प्रती आणि मालकाच्या वहीतील उचलीची नोंद, एवढेच. त्यामुळे लाखो कुटुंबांचे पोट ज्या व्यवसायावर चालते, त्या व्यवसायात माणूस प्रवेश कसा करतो, त्याला कोण शिकवते आणि पहिल्या काही वर्षांत त्याच्या वाट्याला काय येते, हे प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरच राहिले. ग्रामीण भागातील अनेक तरुण आजही उपजीविकेसाठी याच व्यवसायाकडे वळतात. म्हणूनच या प्रश्नांचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे अगत्याचे ठरते.

प्रस्तुत लेखात पुढील उद्दिष्टे समोर ठेवली आहेत.
१. मालमोटार चालकाच्या परवान्याविषयी व कामाच्या तासांविषयी कायद्यांचा विकास पाहणे.
२. 'क्लीनर' या पदाचे प्रशिक्षणव्यवस्था म्हणून असलेले स्थान स्पष्ट करणे.
३. ही व्यवस्था मोडकळीस येण्याची कारणे शोधणे व नवोदित चालकावर झालेला तिचा परिणाम तपासणे.

कायद्याने घडविलेला चालक

मोटारवाहनांविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला. अठरा वर्षांखालील व्यक्तीने सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवू नये व चालकाजवळ परवाना असावा, ही तत्त्वे त्यातून रूढ झाली. पुढे रेल्वे व मोटार यांच्यातील स्पर्धा तीव्र झाली. १९३३ च्या मिचेल-किर्कनेस अहवालात या स्पर्धेची चर्चा आहे. या पार्श्वभूमीवर आलेल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालमोटारींवर परमिटाचे बंधन घातले. चालकाच्या दृष्टीने या कायद्यातील दोन तरतुदी महत्त्वाच्या होत्या. पहिली, वाहतुकीचे वाहन चालविण्यासाठी किमान वय वीस वर्षे ठरले. दुसरी, सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ तास व आठवड्याला चोपन्न तास अशी कामाची मर्यादा घालण्यात आली.

स्वातंत्र्यानंतर १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा आला. त्याने सर्वसाधारण मर्यादा दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर आणली. कागदावर ही प्रगती निःसंशय होती. तथापि हा कायदा मुळात पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक असलेला, कित्येकदा स्वतःच चालक असलेला मनुष्य हा या व्यवसायाचा कणा होता आणि नेमका तोच कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. पुढे २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत १९६१ च्या कायद्याचा समावेश करण्यात आला. परंतु साठ वर्षांच्या काळात घाटमाथ्यावर डोळ्यांत पाणी मारून गाडी हाकणाऱ्या चालकाला या तासांचा लाभ क्वचितच मिळाला.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वयाची वीस वर्षांची अट कायम ठेवली आणि वाहतुकीच्या वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी हलके वाहन चालविण्याचा परवाना किमान एक वर्ष जवळ असण्याची अट घातली. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी मोटार प्रशिक्षण शाळांचा अभ्यासक्रम ठरविला. वाहतुकीच्या वाहनासाठी किमान तीस दिवसांचे प्रशिक्षण व त्यात प्रत्यक्ष चालविण्याचे किमान पंधरा तास, हे त्याचे प्रमाण होते. भरलेली मालमोटार कसारा वा खंबाटकी घाटातून उतरविण्याचे शिक्षण पंधरा तासांत पुरे होते, असे कोणीही जाणकार म्हणणार नाही. मग हे शिक्षण प्रत्यक्षात मिळत होते कोठे? त्याचे उत्तर कायद्यात नाही. ते गाडीच्या केबिनमध्ये आहे.

केबिनमधील शिक्षण

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने निकालात काढलेल्या गाड्या नागरी वाहतुकीत आल्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५४ साली टाटांनी डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. पुढे टाटांचा मोठा प्रकल्प पुणे परिसरातही उभा राहिला. कारखान्यातून बहुधा नुसती चासी बाहेर पडे. उघड्या चासीवर तात्पुरते आसन ठोकून, डोक्याला फडके बांधून चालक ती शेकडो मैल नेत असे. लाकडी केबिन व हौदा स्थानिक सुतार-लोहार बांधीत. वाहनाचा निम्मा भाग जसा कारखान्याबाहेर घडत असे, तसाच चालकही शाळेबाहेर घडत असे.

या घडणीचे नाव क्लीनर. खेड्यापाड्यांत त्याला 'किन्नर' म्हणत. गावचा, नात्यातला वा ओळखीचा मुलगा चालकाबरोबर निघे. त्याची पहिली कामे हमालीची होती. गाडी धुणे, रेडिएटरमध्ये पाणी भरणे, ताडपत्री ओढून दोर आवळणे, टॉमीने टायर ठोकून आवाजावरून हवेचा अंदाज घेणे, स्टेपनी बदलणे, रात्री माल व डिझेल राखणे, स्टोव्हवर भाकरी-कालवण करणे ही ती कामे होत. यांतील प्रत्येक कामातून त्याला गाडी समजत जाई. चालक उजवीकडे बसत असल्याने डावी बाजू त्याला नीट दिसत नाही. ती पाहणे हे क्लीनरचे काम. गाडी मागे घेताना पत्र्यावर थाप मारून अंदाज देणे, चढणीवर गाडी थांबली तर उडी टाकून चाकामागे दगड लावणे, जकात नाक्यावर कागदपत्रे घेऊन खिडकीपाशी रांग धरणे, हेही त्याच्याकडेच असे. वर्ष-दोन वर्षांनी परतीची गाडी रिकामी असताना, रात्री मोकळ्या रस्त्यावर 'उस्ताद' त्याच्या हाती चक्र देई. परवाना त्यानंतर येई.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. क्लीनर पुष्कळदा अल्पवयीन असे. त्याला पगार नाममात्र, कधी केवळ जेवण व कपडालत्ता मिळे. शिव्या आणि मार हा शिकवणीचाच भाग मानला जाई. १९६१ च्या कायद्याने मुलांना अशा कामावर ठेवण्यास मनाई केली होती. पण जेथे उपक्रमच कायद्याबाहेर, तेथे मनाईला अर्थ उरत नाही. शिवाय ओळखीवर चालणाऱ्या या प्रवेशद्वारातून कोण आत येई व कोण बाहेर राही, हे गाव, नाते आणि जात यांवर ठरे. स्त्रियांना तर ते बंदच होते. एवढे मान्य करूनही एक गोष्ट नाकारता येत नाही. भरल्या गाडीचे वजन, उतारावरील गिअर आणि रस्त्याचा स्वभाव यांचे ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे पोहोचविणारी दुसरी कोणतीही सार्वत्रिक यंत्रणा खासगी मालवाहतुकीत नव्हती.

एस. टी. चा चालक : एक तुलना

१ जून १९४८ रोजी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ते पुणे या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. एस. टी.चा चालक आणि मालमोटारीचा चालक कित्येकदा एकाच कंपनीच्या, जवळपास सारख्याच चासीवर बसत. परंतु पहिल्याला निवड, प्रशिक्षण, गणवेश, ड्यूटीचे वेळापत्रक, भविष्य निर्वाह निधी व संघटना होती. दुसऱ्याचे उत्पन्न खेपेवर ठरे. मालकाकडून उचल घ्यायची, वाटखर्चाचा भत्ता वाचवायचा, हुंडेकऱ्याच्या दारात परतीच्या भाड्याची वाट पाहत दिवस काढायचे, हा त्याचा क्रम. गाडी उभी असलेल्या दिवसांचा मोबदला बहुधा नसे. एकाच कौशल्याचे हे दोन भिन्न जीवनक्रम पाहता, चालकाच्या हालअपेष्टा हा त्या कामाचा नैसर्गिक धर्म नसून व्यवसायाच्या रचनेचा परिणाम आहे, असे दिसून येते.

दुसऱ्या माणसाची गच्छंती

१९७५ च्या राष्ट्रीय परमिट योजनेने लांब पल्ल्याच्या वाहतुकीला चालना दिली. १९८९ च्या केंद्रीय नियमांत राष्ट्रीय परमिटाच्या गाडीवर किमान दोन चालक असावेत आणि चालकाच्या मागे दुसऱ्या चालकाला पाय पसरून झोपता येईल असे पूर्ण रुंदीचे आसन असावे, अशी तरतूद होती. चालकाच्या झोपेची दखल घेणारा हा नियम विशेष उल्लेखनीय होय. व्यवहारात दुसऱ्या चालकाच्या जागी बहुधा क्लीनरच असे. तरी केबिनमध्ये दोन माणसे असत.

त्यानंतरच्या बदलांनी एकेक करून क्लीनरचे काम काढून घेतले. १९८९ साली न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनरची वाहतूक वाढली. कंटेनरला ताडपत्री लागत नाही. रेडियल व ट्यूबलेस टायरांमुळे पंक्चरचा त्रास घटला. भ्रमणध्वनीने रस्ता विचारण्याची गरज संपविली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच मुंबईची जकात संपली. दहिसर, मुलुंड, मानखुर्द येथील नाक्यांवरच्या रांगा इतिहासजमा झाल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत पथकर नाक्यांवर फास्टॅग बंधनकारक झाला. त्याआधीच, २०१८ साली, केंद्राने राष्ट्रीय परमिटावरील दोन चालकांची सक्ती दूर केली होती. डिझेल व देखभालीच्या खर्चाने पिचलेल्या छोट्या मालकाच्या दृष्टीने दुसऱ्या माणसाचा भत्ता हा वाचविण्याजोगा खर्च होता. तो त्याने वाचविला. मात्र त्या भत्त्यातून नव्या चालकाचे शिक्षणही होत होते, याचा हिशेब कोणत्याही वहीत नव्हता.

नवोदितापुढील वास्तव

आज या व्यवसायात येणाऱ्या तरुणाची वाट वेगळी आहे. २००५ साली बाजारात आलेल्या 'छोटा हत्ती' या लोकप्रिय नावाच्या टाटा एससारख्या लहान मालगाड्यांवर अनेकांची सुरुवात होते. साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनासाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यामुळे हे दार अधिक सुलभ झाले. परंतु तेथे नवोदित पहिल्या दिवसापासून एकटा असतो. त्यापुढे अवजड वाहनासाठी वीस वर्षे वय, वैद्यकीय दाखला व प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्र लागते. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ साली रद्द झाली. हरियाणा शासनाने मेवात भागातील तरुणांसाठी केलेली विनंती त्यामागे होती. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने वाहतूक परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. अर्थात, कागदाचा मार्ग सोपा झाला आणि हाताचा मार्ग बंद झाला.

कामाच्या स्वरूपाबाबत नवोदिताने काही गोष्टी गृहीत धरणे इष्ट. वाहन चालविण्याइतकाच वेळ माल भरण्या-उतरविण्याची वाट पाहण्यात जातो. कळंबोली, भिवंडी येथील गोदामांबाहेरच्या रांगा याची साक्ष देतात. वाराईसारखे खर्च कोणी सोसायचे, हे आधी बोलून घ्यावे लागते. उचल घेणे सोपे असते, फेडणे कठीण. अपघात झाल्यास जमावाचे भय व कायद्याचे भय एकाच वेळी उभे राहते. जानेवारी २०२४ च्या प्रारंभी भारतीय न्याय संहितेतील, अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीतील इंधन टँकरचालकही त्यात होते. संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली तेव्हा ही तरतूद अमलातून वगळण्यात आली. विखुरलेल्या, असंघटित मानल्या गेलेल्या चालकांनी धोरणावर इतका थेट परिणाम घडविल्याचा हा ठळक प्रसंग होय. तसेच २०२३ च्या अधिसूचनेने नव्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक करण्याचे ठरले. सुतारकाम केलेल्या, इंजिनाच्या धगीने तापणाऱ्या केबिनपासून येथवरचा प्रवास स्वागतार्ह आहे. मात्र थंड झालेल्या केबिनमधील दुसरी जागा रिकामी आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे.

निष्कर्ष

१. १९१४ पासूनच्या कायद्यांनी चालकाला परवानाधारक म्हणून ओळखले. शिकाऊ कामगार म्हणून त्याची दखल घेतली नाही.
२. क्लीनर हे पद शोषणाचे होते, तसेच ते या व्यवसायातील शिक्षणाचे प्रमुख साधनही होते. शोषण थांबविण्यासाठी पद्धती सुधारणे आवश्यक होते. प्रत्यक्षात खर्च वाचविण्यासाठी ती मोडीत निघाली.
३. कामाच्या तासांची मर्यादा १९३९ पासून अस्तित्वात असूनही लहान मालकीच्या रचनेमुळे ती बहुसंख्य चालकांपर्यंत पोहोचली नाही.
४. चालकांच्या टंचाईविषयी वाहतूकदारांकडून जी तक्रार केली जाते, तिचे मूळ केवळ तरुणांच्या अनिच्छेत शोधणे योग्य नाही. जेथे नवा चालक तयार होत असे ती जागाच नाहीशी झाली आहे.

यावर उपाय म्हणून अनुभवी चालकाबरोबर सवेतन व विमासंरक्षित उमेदवारीची किमान एक वर्षाची तरतूद करावी, तिचा खर्च माल पाठविणारा, मालक व शासन यांनी वाटून घ्यावा आणि उमेदवाराचे वय अठराहून कमी असू नये, असे सुचवावेसे वाटते. रस्ते रुंद झाले, गाड्या बलवान झाल्या. त्या चालविणाऱ्या हाताला शिकविण्याची जबाबदारी मात्र अद्याप कोणी घेतलेली नाही. ती घेतली जाईपर्यंत, या व्यवसायात पाऊल ठेवणाऱ्या तरुणाला स्वतःचा उस्ताद स्वतःच शोधावा लागेल.