गृहरक्षकाची शिस्त आणि त्याचा खर्च

श्रोतेहो, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आपण त्र्यंबकेश्वरी गेला असाल, तर ब्रह्मगिरीची फेरी करून कुशावर्ताकडे लोटणारी गर्दी पाहिली असेल. तिथे शिट्टी वाजवीत उभा असलेला खाकी गणवेशातला तरुण पुष्कळदा पोलीस नसतो. तो असतो गृहरक्षक, म्हणजे आपला होमगार्ड. एरवी तो शेतावर नाहीतर दुकानात राबतो.

हे दल ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत जन्मले. जातीय दंग्यांत पोलीस अपुरे पडत होते. प्रांताचे गृहमंत्री होते मोरारजी देसाई. नागरिकांतूनच पोलिसांना मदतनीस उभे करण्यात आले आणि १९४७ साली त्यासाठी कायदा झाला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्राच्या सल्ल्याने ही पद्धत राज्याराज्यांत पसरली.

कायद्याने दिले तसे बांधूनही घेतले. बोलावणे आले की गृहरक्षकाला पोलिसाचे अधिकार आणि संरक्षण मिळते. पण सबळ कारणाशिवाय तो गैरहजर राहिला, किंवा त्याने हुकूम मोडला, तर समादेशक त्याला निलंबित करू शकतो, दलातून काढू शकतो. न्यायालयातून शिक्षाही होऊ शकते. नाव द्यायचे की नाही, हे त्याच्या मर्जीवर; दिल्यावर मात्र मर्जी चालत नाही.

इतकी कडक शिस्त कशाला? २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीला नाशकात रामकुंडाच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली, तीसहून अधिक भाविक गेले. अशा वेळी आपली जागा न सोडणारा माणूसच हवा असतो.

मग या माणसाचा खर्च कोणी सोसायचा? दल उभारणे, शिकवणे, सज्ज ठेवणे, या खर्चापैकी बहुतेक राज्यांना केंद्राकडून सुमारे पंचवीस टक्के परत मिळतात. बाकीचा भार राज्यावर. गृहरक्षकाला पगार नाही, कामाच्या दिवसांचा भत्ता तेवढा. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, हे नियमित नोकर नव्हेत. तरी तीस दिवसांचा भत्ता पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतका तरी भरावा.

गुरुजनहो, हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडा. यात्रेच्या एका दिवसाची बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे, दोन वेळचे जेवण. भत्ता अपुरा पडला किंवा उशिरा आला, तर तो दिवस गृहरक्षकाच्या घरच्यांनी भरलेला असतो. ज्याच्याकडून आपण शिपायाची शिस्त मागतो, त्याच्या घरची चूल त्या दिवशी पेटली पाहिजे, हेही आपणच पाहायला नको का?