अलेक्झांडर यांचे तीन आरसे

‘ताठ बस!’ हा हुकूम न ऐकता आपल्यापैकी कोणाचे बालपण गेले असेल? इथे इंग्लंडमध्ये अलेक्झांडर पद्धतीच्या शिकवण्या देणारे शिक्षक मात्र हा हुकूम सहसा सोडत नाहीत. त्याचे कारण शोधायला थेट टास्मानियात जावे लागते.

फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर यांचा जन्म तिथे १८६९ साली झाला. शेक्सपिअरचे वेचे रंगमंचावर म्हणून दाखवणे हा त्यांचा व्यवसाय, आणि ऐन कार्यक्रमात घसा बसू लागला! डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. तिने आवाज सुटला, पण पुढच्या कार्यक्रमात अर्ध्यावर पुन्हा बसला. म्हणजे म्हणताना आपणच काहीतरी करत असलो पाहिजे, असा सरळ तर्क करून ते आरशासमोर उभे राहिले. तोंड उघडताच डोके मागे ओढले जाते, स्वरयंत्र दाबले जाते, हे त्यांना दिसले. मग डोके पुढे घ्यायचे ठरवले. घेतले, असे वाटलेही. खात्रीसाठी दोन्ही बाजूंना आणखी एकेक आरसा लावला, तर डोके मागेच!

खरा शोध हा आहे. वाकड्याची सवय झालेल्याला वाकडेच सरळ वाटते. त्याला ‘ताठ बस’ म्हटले की तो जुन्या ताणावर नवा ताण चढवतो. म्हणून अलेक्झांडर यांनी आधी थांबायला शिकवले. उठावेसे वाटले की लगेच उठायचे नाही, मान मोकळी सोडायची, मग पुढचे. शिक्षकाचा हात आरशाचे काम करतो. नुसते खुर्चीतून उठण्याबसण्यासाठी पैसे मोजायचे, हे आपल्या लोकांना प्रथम विचित्रच वाटते.

१९०४ साली ते लंडनला आले. बर्नार्ड शॉ, ऑल्डस हक्सली त्यांच्याकडे शिकले. डॉ. आंबेडकरांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई यांनी त्यांच्या तीन पुस्तकांना प्रस्तावना लिहिल्या. १९४४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका नियतकालिकाने त्यांना भोंदू ठरवले. १९४८ साली ते अब्रुनुकसानीचा दावा जिंकले, हजार पौंड भरपाई मिळाली. अर्थात कोर्टाच्या निकालाने उपचार सिद्ध होत नसतो.

पाठदुखीपुरती मोठी कसोटी लागली ती त्यांच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००८ साली ५७९ रुग्णांवरील चाचणी छापली. वर्षाअखेर नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांचे चार आठवड्यांतले दुखण्याचे दिवस, मध्यक घेतला तर, २१ होते. २४ धडे घेतलेल्यांचे ३. सहाच धडे आणि जोडीला व्यायाम, एवढ्यानेही बराचसा गुण आला.