कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, जन्म : पुणे, ८ नोव्हेंबर १९१७, मृत्यू : ११ एप्रिल २००१) या भारतीय पेशीशास्त्रज्ञ आणि कर्करोग संशोधक होत्या. मुंबईतील परळ येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. कर्करोगाची प्रवणता, संप्रेरके आणि विषाणू यांच्या परस्परसंबंधावर त्यांनी मूलभूत संशोधन केले. भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण पुरस्काराने गौरविले.

जन्म आणि शिक्षण

कमल यांचे वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. आईचे नाव शांताबाई. कमल यांचे शालेय शिक्षण पुण्यातील हुजूरपागा शाळेत झाले. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी मात्र फर्ग्युसन महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या विषयांत विशेष प्रावीण्यासह पदवी संपादन केली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशींचा आणि गुणसूत्रांचा अभ्यास केला. या विषयावर १९४३ साली त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली.

१९३९ साली गणितज्ञ जयसिंग त्र्यंबक रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईत आल्या. परळमध्ये, हिंदमाता चौकापासून जवळच, १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख, विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कमल रणदिवे यांनी संशोधन केले. १९४९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. पदवी दिली.

स्तनाच्या कर्करोगावरील संशोधन

एकाच जातीच्या उंदरांच्या काही वाणांत माद्यांना स्तनाचा कर्करोग वारंवार होतो, तर काही वाणांत तो क्वचितच आढळतो. कर्करोगाची प्रवणता कमी-अधिक असलेल्या अशा चार वाणांच्या निरोगी स्तनग्रंथींच्या रचनेची तुलना खानोलकर आणि रणदिवे यांनी केली. त्यांचा शोधनिबंध १९४७ साली प्रसिद्ध झाला. रोग झालेल्या ग्रंथीऐवजी रोग होण्यापूर्वीच्या ग्रंथीकडे पाहणे हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होते. अर्बुद दिसू लागते तेव्हा पेशींमधील बदल पुष्कळ पुढे गेलेले असतात. त्यामुळे कारणांचा शोध त्याआधीच्या अवस्थेत घ्यावा लागतो.

अमेरिकी संशोधक जॉन बिटनर यांनी १९३६ साली असे दाखविले होते की, उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाचा एक घटक मादीच्या दुधातून पिलांकडे जातो. कर्करोगप्रवण वाणाची पिले जन्मताच दुसऱ्या वाणाच्या मादीच्या दुधावर वाढविली, तर त्यांच्यातील रोगाचे प्रमाण घटत असे. हा घटक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. मात्र केवळ विषाणू पुरेसा नसतो. आनुवंशिक प्रवणता आणि अंडाशयातील संप्रेरके यांचीही साथ लागते. संप्रेरकांमुळे स्तनग्रंथीतील पेशींचे विभाजन वाढते. रणदिवे यांच्या संशोधनाचा भर या तिन्ही घटकांच्या परस्परसंबंधावर होता. उंदरांवरील हे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तथापि कर्करोगास एकच कारण नसून अनेक कारणे एकत्र येतात, ही समज त्यांतून दृढ झाली.

ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा

पीएच.डी.नंतर रणदिवे यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. माणसाच्या कर्कपेशींची ‘हेला’ ही पहिली अमर पेशीमालिका १९५१ साली गे यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाली.

ऊतिसंवर्धन म्हणजे शरीरातील पेशी शरीराबाहेर, काचपात्रात वाढविणे. त्यासाठी क्षार, शर्करा, अमिनो आम्ले आणि रक्तद्रव असलेले पोषकद्रव्य लागते; तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास राखावे लागते; आणि पराकाष्ठेची निर्जंतुकता पाळावी लागते. एखादा जिवाणू शिरला तरी अनेक आठवड्यांचे श्रम वाया जातात. या तंत्रामुळे निरोगी पेशी आणि कर्कपेशी यांच्या विभाजनातील फरक प्रत्यक्ष पाहता येतो.

खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रणदिवे यांनी प्रायोगिक जीवशास्त्र आणि ऊतिसंवर्धन यांच्या प्रयोगशाळा सुरू केल्या. १९६० च्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने पोषकद्रव्ये आणि इतर अभिक्रियाकारके केंद्रातच तयार केली. कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारक्षमताशास्त्र हे विभागही त्यांच्या प्रयत्नांतून उभे राहिले. १९६६ साली हे केंद्र व रुग्णालय यांचे टाटा मेमोरियल सेंटर या नावाने एकत्रीकरण झाले. १९६६ ते १९७० या काळात रणदिवे यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा सांभाळली. परदेशी गेलेल्या तरुण शास्त्रज्ञांनी मायदेशी परतून येथे काम करावे, असा त्यांचा आग्रह असे.

तंबाखू आणि सुपारी

तोंडाचा कर्करोग भारतात मोठ्या प्रमाणावर आढळतो. पान, सुपारी आणि तंबाखू चघळण्याच्या सवयीशी त्याचा संबंध प्रयोगाने तपासण्यासाठी रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टर या प्राण्याच्या गालातील पिशवीवर सुपारी व तंबाखू यांच्या अर्कांचे परिणाम अभ्यासले. हे शोधनिबंध १९७६ आणि १९७९ साली प्रसिद्ध झाले. तंबाखूबरोबरच सुपारीही अपायकारक ठरू शकते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त पानाला १९८५ साली आणि सुपारीला २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात कर्ककारक ठरविले.

कुष्ठरोगविषयक कार्य

सी. व्ही. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतींपासून एका जिवाणूचे संवर्धन केल्याचे १९५८ साली प्रसिद्ध केले. केंद्राच्या नावावरून तो ‘आयसीआरसी जिवाणू’ म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्ष कुष्ठरोगाचा जिवाणू कृत्रिम माध्यमात अद्याप वाढविता आलेला नाही. आयसीआरसी जिवाणू हा त्याहून वेगळ्या गटातील असल्याचे पुढे स्पष्ट झाले. तरीही त्याच्यापासून डॉ. एम. जी. देव आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरोगावरील लस विकसित केली आणि दक्षिण भारतात तिची चाचणी झाली.

सामाजिक कार्य

१९७३ साली मुंबईत भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन करण्यात रणदिवे यांचा पुढाकार होता. वाशी येथील या संघटनेने नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालविले. अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) अकोले तालुक्यात राजूर येथील सत्यनिकेतन या संस्थेच्या साहाय्याने रणदिवे यांनी आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला आणि ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविकेचे प्रशिक्षण देण्याचे काम केले.

पुरस्कार आणि सन्मान

* भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार (१९६४)
* वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार (१९६४)
* पद्मभूषण (१९८२)
* भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सन्माननीय वैद्यकीय शास्त्रज्ञ

८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४व्या जयंतीनिमित्त, गूगलने मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध करून त्यांना अभिवादन केले.