दप्तराची किल्ली कोणाकडे? नाचणगावची नोंद आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा इतिहास

१/ वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात, पुलगावला लागून नाचणगाव वसले आहे. चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेल्या १८७० च्या मध्य प्रांताच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये या गावाची नोंद आहे. ती वाचण्यासाठी गावातल्या अभ्यासकाला दूरच्या शहरातील मोठ्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागे. आज तोच ग्रंथ मोबाइलवर उघडतो. या बदलामागे स्कॅनरइतकाच आणखी एका निर्णयाचा हात आहे: स्कॅन केलेले पान कोणत्या सॉफ्टवेअरच्या हवाली करायचे?

२/ कागद सांभाळण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. पेशवे दप्तरातील मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असत. रुमालात काय आहे हे सांगणारी नोंद हरवली, तर कागद शाबूत असूनही अभ्यासकाच्या लेखी तो नाहीसा झाल्यासारखाच. संगणकीय दप्तरात या नोंदीला ‘मेटाडेटा’ म्हणतात आणि रुमालाचे काम सॉफ्टवेअर करते.

३/ मात्र कापडाचा रुमाल कोणालाही सोडता येतो. संगणकाच्या रुमालाची गाठ तो विणणाऱ्यालाच ठाऊक असू शकते. इंग्लंडमध्ये १०८६ साली झालेल्या ‘डूम्सडे’ पाहणीला नऊशे वर्षे झाली, तेव्हा, म्हणजे १९८६ मध्ये, बीबीसीने देशाचे नवे चित्रण लेझर तबकड्यांवर साठवले. पंधराएक वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि मजकूर वाचवण्यासाठी स्वतंत्र प्रकल्प हाती घ्यावा लागला. १०८६ चे चर्मपत्र मात्र आजही वाचता येते.

४/ मराठीनेही हा अनुभव घेतला आहे. १९९० च्या दशकात संगणकावर टंकलेला पुष्कळ मजकूर विशिष्ट कंपन्यांच्या फाँटमध्ये बद्ध होता. तो फाँट नसलेल्या संगणकावर ‘वर्धा’ या शब्दाच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे उमटत. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला सर्वमान्य क्रमांक दिला. तरीही छापखान्यांतून आणि कचेऱ्यांतून जुने फाँट जायला बराच काळ लागला.

५/ याच काळात जगात दुसरा विचार मूळ धरत होता. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअरची मूळ संहिता वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क वापरणाऱ्याला असावा, हे त्याचे सूत्र. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’, म्हणजे मुक्तस्रोत, ही संज्ञा रूढ होऊ लागली.

६/ ग्रंथपालांनी हा विचार लवकर उचलला. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात ‘ग्रीनस्टोन’ घडले. इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातून २००० मध्ये ‘ईप्रिंट्स’ आले. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून ‘डीस्पेस’ प्रसिद्ध केले. तिन्हींची संहिता खुली होती.

७/ डीस्पेसचे काम समजायला सोपे आहे. प्रत्येक दस्तऐवजासोबत शीर्षक, कर्ता, वर्ष, भाषा, विषय अशा रकान्यांची नोंद राहते. या रकान्यांचा पाया म्हणजे ‘डब्लिन कोअर’ हे १५ घटकांचे मानक. त्याचे नाव आयर्लंडच्या राजधानीवरून पडलेले नसून अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिनवरून पडले आहे. दस्तऐवजाला कायमचा पत्ता मिळतो. फाइलमधील एक अक्षर जरी बिघडले, तरी पडताळणीच्या अंकावरून ते उघडकीस येते.

८/ भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्ये ईप्रिंट्सवर शोधनिबंधांचे भांडार उभारले. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपल्या संगणकीय भांडारासाठी डीस्पेस निवडले. या ग्रंथालयाची मुळे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजापर्यंत जातात. एके काळी वाचनकक्षापुरते असलेले जुने ग्रंथ या भांडारामुळे दूरच्या वाचकापर्यंत पोहोचले.

९/ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधांची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले. त्यांच्यासाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’ चालवली, तीही डीस्पेसवरच. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे प्रबंधही तिथे आहेत. विदर्भाच्या कापसावरचा जो प्रबंध पूर्वी विद्यापीठाच्या कपाटात बंद राहिला असता, तो आता कापूस पिकवणाऱ्या गावातही वाचता येतो.

१०/ तरी संहिता खुली असली की दप्तर सुरक्षित झाले, असे नाही. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या मोठ्या प्रकल्पात लाखो ग्रंथ स्कॅन झाले, पण अनेक शीर्षके इतकी चुकीची नोंदली गेली की ग्रंथ असूनही सापडेना. २०१७ च्या सुमारास प्रताधिकाराच्या प्रश्नावरून त्याचे संकेतस्थळ बंद पडले. कार्ल मॅलामूड यांच्या ‘पब्लिक रिसोर्स’ संस्थेने चार लाखांहून अधिक ग्रंथांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर ठेवल्या होत्या. म्हणून ते वाचकांच्या हाती राहिले.

११/ या घटनेतून निवडीची खरी कसोटी हाती लागते. सॉफ्टवेअर फुकट आहे का, हा दुय्यम प्रश्न. उद्या ते बंद पडले, तर सर्व फाइली आणि सर्व नोंदी जशाच्या तशा बाहेर काढून दुसरीकडे नेता येतील का, हा पहिला. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तो मार्ग मोकळा ठेवते. त्या मार्गाने चालण्यासाठी मात्र माणूस लागतो: सर्व्हर सांभाळणारा, प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवणारा, नोंदी तपासणारा. परवान्याचे वाचलेले पैसे या माणसाच्या पगाराला लागतातच.

१२/ म्हणून गरज पाहून साधन निवडावे लागते. मोठ्या संस्थेचे प्रबंध आणि ग्रंथ दीर्घकाळ जपायचे, तर डीस्पेस. छायाचित्रे व पत्रे प्रदर्शनासारखी मांडायची, तर २००८ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज मेसन विद्यापीठातून आलेले ‘ओमेका’. इंटरनेट बेभरवशाचे असेल, तर ग्रीनस्टोन. त्यातील संपूर्ण संग्रह सीडीवर उतरवून देता येतो. याच गुणामुळे २००० पासून युनेस्कोने त्याच्या प्रसाराला हातभार लावला.

१३/ आणि नाचणगाव? १८७० ची नोंद ही गावाकडे बाहेरून पाहणाऱ्या सत्तेची नोंद होती. गावाची स्वतःची नोंद पंचायतीची जुनी रजिस्टरे, शाळेचे दाखले, शेतीचे व्यवहार, घराघरांतल्या मोडी चिठ्ठ्या अशा कागदांत असते. वाळवी आणि ओल यांना सॉफ्टवेअरची निवड होईपर्यंत थांबण्याची सवय नसते.

१४/ अशा कागदांचे दप्तर कोणत्याही गावाने उभे करायचे ठरवले, तर आरंभ साधाच आहे: स्वच्छ स्कॅन, युनिकोड देवनागरीत नीट लिहिलेली नोंद, एकाहून अधिक प्रती आणि किल्ली गावाकडेच राहील असे सॉफ्टवेअर. रुमाल बदलत राहतील. चिठ्ठी शाबूत राहिली पाहिजे आणि गाठ कोणालाही सोडता आली पाहिजे.